दोन डिफरन्शियल सिग्नल आणि एडीसी एकच, मग जोडायचं कसं

एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप, एकच आहे, सेन्सर दोन आहेत, आणि दोन्ही सेन्सर डिफरन्शियल, म्हणजे प्रत्येकाला प्लस-मायनस अशा दोन वायरी आणि खरा सिग्नल त्या दोन वायरींमधला फरक. आता या चार वायरी एका एडीसीत कशा घालायच्या? बहुतेक जण इथेच सोल्डरिंग आयर्न उचलतात, पण त्याआधी एका गोष्टीचं उत्तर द्या. तुम्हाला दोन आकडे वेगवेगळे हवेत, की दोघांची मिळून बेरीज हवी? सगळं सर्किट या उत्तरावर ठरतं, आणि बरेच लोक हा प्रश्न सोडून थेट मक्सचा, म्हणजे अनेक सिग्नलमधला एक निवडून पुढे देणाऱ्या स्विच आयसीचा, पार्ट नंबर शोधायला लागतात.

बेरीज हवी असेल तर मक्स लागतच नाही, त्यामुळे तो भाग पटकन उरकून टाकू.

बेरीज पुरेशी असेल तर

वजनकाट्यात दोन लोडसेल (वजनाचे सेन्सर) एकाच प्लेटखाली असतात तेव्हा कुठल्या बाजूला किती भार आहे याच्याशी कोणालाच घेणं नसतं, टोटल वजन हवं असतं. तिथे दोन्ही ब्रिजना (लोडसेलच्या आतली रेझिस्टरची जोडणी) एकच एक्सायटेशन, म्हणजे ब्रिज चालवायचं व्होल्टेज, द्यायचं, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडायचं, झालं. मात्र एक लक्षात ठेवा, मिळते ती सरासरी. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल ५ व्होल्टवर फुल लोडला १० मिलिव्होल्ट देतो, पण एक सेल फुल आणि दुसरा रिकामा असेल तर जोडलेल्या टोकांवर ५ मिलिव्होल्टच दिसतात. शिवाय हे तेव्हाच बरोबर चालतं जेव्हा दोन्ही सेलची सेन्सिटिव्हिटी आणि आउटपुट रेझिस्टन्स सारखे असतात, नाहीतर वजन प्लेटवर इकडून तिकडे सरकवलं की आकडा बदलतो. त्यासाठीच सेलच्या वायरी एकत्र येतात त्या जंक्शन बॉक्समध्ये ट्रिम करायची, म्हणजे सेल एकमेकांशी जुळवून घ्यायची, सोय असते. एक्सायटेशनचा करंटही दुप्पट होतो, ३५० ओहमचा एक ब्रिज ५ व्होल्टवर १४.३ मिलिअँप खातो, दोन म्हणजे २८.६, तेव्हा रेफरन्स आयसीच्या पिनवरून ब्रिज चालवत असाल तर त्याला तेवढा झेपतोय का ते बघा.

बेरजेऐवजी फरक हवा असेल तर एका जोडीच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडा, बस.

हे फक्त ब्रिजसारख्या, स्वतःचा रेझिस्टन्स असलेल्या सोर्सला चालतं. दोन अँप्लिफायरचे आउटपुट असे थेट एकत्र बांधायचे नाहीत, एक म्हणतो २.६ व्होल्ट दुसरा म्हणतो २.४, दोघांचा आउटपुट रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, मग दोघं एकमेकांना ओढत बसतात आणि वाचलेल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. तिथे प्रत्येक वायरमध्ये सारखा रेझिस्टर घाला, किंवा नीट करायचं असेल तर फुली डिफरन्शियल अँप घेऊन चार इनपुट रेझिस्टर आणि दोन फीडबॅक रेझिस्टर लावून समिंग करा. रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घ्या. गेन (सिग्नल किती पट होतो ते) १ असलेल्या साध्या डिफरन्स अँपचा हिशोब सांगतो म्हणजे अंदाज येईल, १ टक्क्याचे रेझिस्टर वाईटात वाईट जुळले तर कॉमन मोड रिजेक्शन, म्हणजे दोन्ही वायरींवर सारखाच येणारा गोंगाट दाबायची ताकद, साधारण ३४ डीबीवर येतं, ०.१ टक्क्याला ५४ डीबी. डिफरन्शियल वायरिंगचा सगळा खटाटोप कॉमन मोडचा गोंगाट घालवायला केला आणि तोच स्वस्त रेझिस्टरमधून परत आत घेतला, असं व्हायला नको.

आणि एकदा बेरीज केली की परत वेगळं करता येत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर ते करून देणार नाही. एक सेल मेला किंवा एकाची वायर सुटली तरी तुम्हाला फक्त चुकीचं टोटल दिसेल, कोण बिघडलं ते नाही.

दोन्ही आकडे वेगळे हवेत: पाळी लावायची

आता खरा विषय. दोन्ही सिग्नल वेगळे हवे असतील तर एडीसीला पाळीपाळीने दोन्ही दाखवायचे. यासाठी बाहेरून मक्स घ्यायच्या आधी हातात असलेल्या एडीसीची डेटाशीट उघडून बघा, कारण पुष्कळ चिपमध्ये मक्स आधीपासूनच असतो.

एडीएस१११५ हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. १६ बिट, चार इनपुट पिन, आणि त्या चारांच्या दोन डिफरन्शियल जोड्या करता येतात, शून्य-एक आणि दोन-तीन. कॉन्फिग रजिस्टरच्या मक्स बिट्समध्ये ००० लिहिलं की पहिली जोडी, ०११ लिहिलं की दुसरी. जास्त रिझोल्यूशन हवं असेल तर एडीएस१२२० आहे, २४ बिट, मायक्रोकंट्रोलरशी एसपीआयवर बोलणारी, त्यातही चार इनपुटच्या दोन जोड्या होतात आणि गेन १२८ पर्यंत जातो.

एडीएस१११५ मध्ये तीन गोष्टी नडतात. एक म्हणजे अधिक-उणे ०.२५६ व्होल्टची रेंज लावली म्हणून पिनवर उणे व्होल्टेज चालतं असं नाही, फरक उणे असू शकतो पण प्रत्येक पिन स्वतः ग्राउंड आणि सप्लायच्या मधेच राहिली पाहिजे. दुसरं, त्या सगळ्यात लहान रेंजवर डिफरन्शियल इनपुट इम्पीडन्स ७१० किलोओहमच आहे, म्हणजे ३५० ओहमच्या ब्रिजला ०.०५ टक्के फरक पडतो, जो कॅलिब्रेशनमध्ये जिरतो, पण १० किलोओहमचा सोर्स असेल तर थेट १.४ टक्के. तिसरं म्हणजे कंटिन्युअस मोड. दोन जोड्या आलटून पालटून वाचायच्या असतील तर सिंगल शॉट मोडच (सांगाल तेव्हा एकच वाचन) वापरा. कंटिन्युअसमध्ये मक्स बदलला तरी आधी चालू असलेलं कन्व्हर्जन (व्होल्टेजचा आकडा करायचं काम) जुन्याच जोडीवर पूर्ण होतं, आणि तुम्ही लगेच रजिस्टर वाचलं तर पहिल्या सेन्सरचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जातो. कोडमध्ये ठरावीक मिलिसेकंदांचा डिले टाकून बसू नका, या चिपचा डेटा रेट १० टक्के इकडे तिकडे असू शकतो, सेकंदाला ८६० सॅम्पलच्या रेटवर एका कन्व्हर्जनला कागदावर १.१६ मिलिसेकंद लागतात पण हळू चाललेली चिप १.३ घेईल. कन्व्हर्जन संपल्याचा बिट वाचत राहा किंवा अलर्ट पिन रेडी सिग्नल म्हणून वापरा.

एचएक्स७११ या लोडसेलच्या एडीसीबद्दल वेगळं सांगतो कारण दोन लोडसेल म्हटलं की सगळे तिकडेच धावतात, त्यात ए आणि बी असे दोन चॅनल आहेतच ना. आहेत, पण ते सारखे नाहीत. ए ला गेन १२८ किंवा ६४ मिळतो, बी ला फक्त ३२. त्यामुळे तोच सेल बी वर लावला की रिझोल्यूशन पडतं. शिवाय चॅनल बदलला की चिपला सेटल व्हायला सेकंदाला १० सॅम्पलच्या रेटवर ४०० मिलिसेकंद लागतात, ८० वर ५०. म्हणजे १० च्या रेटवर दोन्ही सेलची एक फेरी जवळपास ०.८ सेकंदाची. आणि क्लॉकच्या पल्स मोजताना गोंधळ होतो तो असा, आत्ता दिलेल्या पल्स पुढच्या रीडिंगचा चॅनल ठरवतात, आत्ताच्या नाही: २५ म्हणजे पुढचं ए, गेन १२८, २६ म्हणजे पुढचं बी, गेन ३२, आणि २७ म्हणजे पुढचं ए, गेन ६४. माझं मत विचाराल तर दोन सेलला दोन एचएक्स७११ लावा, क्लॉकची वायर कॉमन ठेवा आणि डेटाच्या दोन वेगळ्या घ्या. एकाच एडीसीचा हट्ट इथे उगाच आहे.

बाहेरचा मक्स लावायचा तर

एडीसीला खरोखरच एकच जोडी असेल तर ड्युअल मक्स लागतो, म्हणजे एकाच कंट्रोलवर प्लस आणि मायनस दोन्ही एकदम बदलणारा. सिंगल मक्सचे दोन आयसी घेऊनही जमतं, पण मग दोन्ही बाजू नेमक्या एका क्षणी बदलत नाहीत आणि दोन्हींचा रेझिस्टन्सही जुळत नाही.

स्वस्तात ७४एचसी४०५२. यात चार जोड्या असतात. एक्स बाजू प्लसला, वाय बाजू मायनसला. पहिल्या सेन्सरची जोडी एक्स-शून्य आणि वाय-शून्यवर, दुसऱ्याची एक्स-एक आणि वाय-एकवर, कॉमन एक्स एडीसीच्या प्लसला, कॉमन वाय मायनसला. इनहिबिट पिन ग्राउंडला बांधा, ती तरंगत ठेवली तर मक्स मनाला येईल तेव्हा बंद पडेल. व्हीईई पिन उणे सिग्नलसाठी असते, तुमचे सगळे सिग्नल ग्राउंडच्या वर असतील तर तीही ग्राउंडला. आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी मक्सचा कंट्रोल ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवरून देऊ नका, त्याला हाय समजायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. टेबलवर चालेल, उद्या गरम झाल्यावर चालेलच असं नाही. त्याऐवजी एचसीटी प्रकारचा मक्स घ्या, त्याला २ व्होल्ट पुरतात.

चारपैकी दोनच जोड्या वापरल्या, मग उरलेल्या दोन? फुकट घालवू नका. तिसऱ्या जोडीच्या दोन्ही पिन सप्लायच्या मधल्या व्होल्टेजला एकत्र बांधा, ते वाचलं की मक्सपासून एडीसीपर्यंतचा सगळा ऑफसेट मिळतो, तो प्रत्येक फेरीत वजा करा. चौथीवर अचूक रेझिस्टर डिव्हायडरने एखादं माहितीतलं छोटं व्होल्टेज द्या, गेन सरकला तर लगेच कळतं. चार पैशांच्या रेझिस्टरमध्ये जे समजतं ते महागडी एडीसी घेऊनही समजत नाही.

मक्सचा ऑन रेझिस्टन्स (चालू असताना त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स) बघून लोक घाबरतात, एचसी४०५२ चा ५ व्होल्टच्या आसपास साधारण ७० ते १०० ओहम असतो. एडीसीचा इनपुट इम्पीडन्स मोठा असेल तर याने फारसं बिघडत नाही, दोन्ही बाजूंना सारखाच रेझिस्टन्स येतो. त्रास होतो तो सिग्नलबरोबर तो रेझिस्टन्स बदलण्याने. तिथे खुपत असेल तर एडीजी७०९ घ्या, तोही चार जोड्यांचा आहे आणि ऑन रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास. गळतीकडे, म्हणजे बंद स्विचमधूनही झिरपणाऱ्या करंटकडे, मात्र बघाच. १ नॅनोअँप गळती १० किलोओहमच्या सोर्समधून गेली की १० मायक्रोव्होल्टची चूक होते, आणि एडीएस१११५ च्या सगळ्यात लहान रेंजचा एक काउंट (आकड्याची सगळ्यात लहान पायरी) ७.८ मायक्रोव्होल्टचा आहे.

अजून एक, जे नवख्याला महिनोनमहिने छळतं. बंद असलेल्या चॅनलवर व्होल्टेज सप्लायच्या वर किंवा ग्राउंडच्या खाली गेलं तर मक्सच्या आतले प्रोटेक्शन डायोड चालू होतात आणि चालू चॅनलचं रीडिंग सरकतं. म्हणजे चुकतो एक सेन्सर आणि बिघाड दुसऱ्याच्या वायरीवर. लांब वायरीचा सेन्सर असेल तर मक्सच्या आधी सिरीज रेझिस्टर आणि क्लॅम्प डायोड लावाच.

फिल्टर कुठे, आणि थांबायचं किती

सगळी गंमत इथे आहे. मक्सने जोडी बदलली त्या क्षणी एडीसीच्या पिनवर मागच्या सेन्सरचा चार्ज अजून बसलेला असतो. तो निघून जाईपर्यंत जे वाचाल ते दोघांचं मिश्रण. यालाच लोक घोस्टिंग म्हणतात.

किती थांबायचं ते मोजता येतं. फुल स्केल उडी १६ बिटच्या अर्ध्या काउंटपर्यंत शांत व्हायला १२ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) लागतात, १२ बिटला ९, २४ बिटला साधारण १७. आता गोंगाट गाळणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर मक्सच्या नंतर, एडीसीच्या पिनजवळ लावला असं धरा. प्रत्येक वायरमध्ये सोर्स आणि मक्स मिळून १.१ किलोओहम, आणि दोन वायरींच्या मधे १०० नॅनोफॅरड. डिफरन्शियल सिग्नलला दोन्ही रेझिस्टर दिसतात म्हणून टाइम कॉन्स्टंट २.२ किलोओहम गुणिले १०० नॅनोफॅरड, म्हणजे २२० मायक्रोसेकंद. गुणिले १२ केलं की २.६ मिलिसेकंद. प्रत्येक वेळी जोडी बदलली की एवढं थांबा.

तोच फिल्टर मक्सच्या आधी, प्रत्येक सेन्सरला आपापला, असा लावला तर? त्या कपॅसिटरवर त्याच्याच सेन्सरचं व्होल्टेज कायम तयार असतं. मक्स बदलल्यावर त्याला फक्त मक्स, ट्रॅक आणि एडीसीची मिळून धरा ५० पिकोफॅरड कपॅसिटी भरायची. दोन सेन्सरमध्ये १ व्होल्टचा फरक असेल तर १०० नॅनोफॅरडवर धक्का बसतो ०.५ मिलिव्होल्टचा. अधिक-उणे २.०४८ व्होल्टच्या रेंजवर १६ बिटचा एक काउंट ६२.५ मायक्रोव्होल्ट, तर तो धक्का अर्ध्या काउंटच्या आत यायला तीनच्या आतच टाइम कॉन्स्टंट पुरतात, सोर्स १ किलोओहम धरला तर साधारण ०.५५ मिलिसेकंद. २.६ च्या जागी ०.५५, तेही फक्त कपॅसिटर चार सेंटिमीटर इकडे सरकवून. रेझिस्टर-कपॅसिटर दोन सेट लागतात हे खरं, पण कंजूषी करायची जागा ही नव्हे.

फिल्टर बांधताना मधला डिफरन्शियल कपॅसिटर मोठा आणि प्रत्येक वायरपासून ग्राउंडला जाणारे दोन छोटे, मोठा निदान दहापट ठेवा. कारण ते छोटे दोघं कधीच एकसारखे नसतात, आणि त्यांच्यातल्या फरकातून कॉमन मोडचा गोंगाट डिफरन्शियल होऊन बसतो. कपॅसिटर सी०जी प्रकारचे (किंमत स्थिर राहणारे) घ्या, निदान छोटे दोन तरी.

कोडचा क्रम मग असा राहतो: मक्स बदला, मोजलेला वेळ थांबा, कन्व्हर्जन सुरू करा, संपेपर्यंत वाट बघा, वाचा, आणि वाचल्या वाचल्या मक्स पुढच्या जोडीवर टाका म्हणजे तुमचा प्रोसेसर आकडेमोड करत असताना सिग्नल शांत होत राहील. डेल्टा-सिग्मा प्रकारच्या एडीसीला स्वतःचा डिजिटल फिल्टरही असतो, तो मागची वाचनं मिसळून आकडा देतो, तिसऱ्या ऑर्डरचा सिंक फिल्टर असेल तर जोडी बदलल्यावर तीन कन्व्हर्जननंतरचंच रीडिंग खरं. डेटाशीटमध्ये सिंगल सायकल सेटलिंग (पहिल्याच कन्व्हर्जनला खरं रीडिंग) लिहिलेलं असेल तर हा त्रास नाही, एडीएस१११५ त्यातलाच. पहिलं रीडिंग फेकून द्यायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती चालते, पण किती फेकायची ते वरच्या हिशोबाने ठरवा, अंदाजाने नको.

दोन आकडे एकाच क्षणाचे नसतात

तापमान, वजन, टाकीतलं प्रेशर असल्या हळू गोष्टींना हे लागू नाही, पुढे जा. पण ५० हर्ट्झचं व्होल्टेज आणि करंट मोजून पॉवर काढायची असेल तर थांबा. दोन वाचनांमध्ये १ मिलिसेकंदाचं अंतर म्हणजे ५० हर्ट्झला १८ अंश. साध्या रेझिस्टिव्ह लोडलाही पॉवर ५ टक्के कमी दिसेल, आणि पॉवर फॅक्टर वाईट असेल तर चूक अजून भलतीच वाढते.

एक उपाय म्हणजे ए, बी, ए असं वाचायचं आणि दोन ए ची सरासरी बी च्या क्षणाची मानायची. फेज त्याने बरोबर येतो, पण साइन वेव्हच्या दोन्ही बाजूंची सरासरी घेतल्यामुळे ए ची उंची कमी होते, १ मिलिसेकंदाला त्याच ५ टक्क्यांनी. फ्रिक्वेन्सी पक्की असेल तर हा फॅक्टर भागून टाकता येतो, पण हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) असले की प्रत्येकाचा फॅक्टर वेगळा. अशा कामाला एकाच क्षणी दोन्ही सॅम्पल करणारी एडीसी घ्या, मक्सने ते साधत बसू नका.

रेटही वाटला जातो हे विसरू नका. सेकंदाला ८६० सॅम्पलचे दोन चॅनल केले, वर थांबण्याचा वेळ धरला, तर प्रत्येकाला ४०० सुद्धा नीट मिळत नाहीत, म्हणजे २०० हर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून, कमी फ्रिक्वेन्सीचा खोटा सिग्नल होऊन येणार. फिल्टरची कटऑफ प्रत्येक चॅनलला मिळणाऱ्या रेटवर ठरवा.

कॉमन मोडचं एक

दोन्ही सेन्सर एडीसीच्या कॉमन मोड रेंजमध्ये, म्हणजे दोन्ही वायरींची सरासरी पातळी एडीसीला चालेल अशी, असायला हवेत, दोघंही, आपापले. ब्रिज आपोआप मध्यावर बसतो. थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) मात्र नुसता तरंगत असतो, त्याची मायनस बाजू १०० किलोओहममधून सप्लायच्या मध्याला बांधा. प्लसला सप्लायकडे आणि मायनसला ग्राउंडकडे ओढणारे दोन १ मेगाओहम लावायची पद्धतही आहे, वायर तुटली की रीडिंग टोकाला जातं म्हणून सोयीची, पण ५ व्होल्टवर त्यातून २.५ मायक्रोअँप वाहतात आणि थर्मोकपलची लांब वायर १० ओहमची असेल तर २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे के टाइप थर्मोकपलला अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त चूक.

चालू करायच्या आधीची टेस्ट

दुसऱ्या सेन्सरच्या जागी दोन्ही पिन एकत्र करून मध्य व्होल्टेजला बांधा, पहिल्यावर सिग्नल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, आणि दुसऱ्याचं रीडिंग बघत राहा. ते हललं नाही पाहिजे. पहिला १ व्होल्ट हलला आणि दुसरा १ मिलिव्होल्ट, तर क्रॉसटॉक (एकाचा दुसऱ्यात शिरलेला सिग्नल) ६० डीबी खाली आहे, जे १६ बिटला अजिबात पुरेसं नाही.

हलतंय? मग थांबण्याचा वेळ दहापट करा. हलणं कमी झालं तर सेटलिंगचा प्रश्न होता, फिल्टर किंवा वेळ सुधारा. तसूभरही फरक पडला नाही तर वेळेशी संबंध नाही, गळती आहे, किंवा बंद चॅनलचा डायोड चालू होतोय, किंवा बोर्डवर दोन जोड्यांचे ट्रॅक एकमेकांना चिकटून चालले आहेत. वाचायचा क्रम उलटा करूनही बघा, आधी दुसरा मग पहिला, आणि तिसरी शून्याची जोडी मधे घालून बघा, शून्य मधे आल्यावर दुसरा शांत झाला आणि शून्यच हलायला लागलं तर मागच्या सेन्सरचा चार्जच पुढे येतोय हे नक्की. ही टेस्ट खोलीच्या तापमानाला झाली की बोर्ड हेअर ड्रायरने गरम करून परत एकदा करा, कारण मक्सची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते आणि टेबलवर पास झालेलं सर्किट डब्यात बंद केल्यावर इथेच नापास होतं.